क्लच तिचा, गियर त्याचे

“क्लच! अगं, क्लच दाब ना!”

“दाबलाय की!”

“तो ब्रेक आहे, लोरेन!”

गाडीने एक हिसका दिला, मग दुसरा, आणि चर्चच्या मोकळ्या आवाराच्या मधोमध ती बंद पडली. पेट्रोलचा वास आत भरला. लोरेन पिलार्स्कीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. शेजारी तिचा नवरा कॅझ कपाळाला हात लावून बसला होता.

“किती वेळा सांगितलं, हळू सोड म्हणून. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा!”

“अंड्यावर कोण पाय ठेवतं, कॅझ?”

“तू नको ठेवूस. तू ऑम्लेट करशील.”

गाडी सदुसष्ट सालची पॉन्टिॲक जीटीओ होती, गर्द हिरवी. त्या काळी डेट्रॉइटच्या कारखान्यांनी साध्या घरगुती मोटारींत राक्षसी इंजिनं बसवून ज्या आडदांड गाड्या रस्त्यावर सोडल्या, त्यांतली ही एक. कॅझने ती लग्नाआधीच घेतली होती, जुनीच. तेव्हापासून ती गॅरेजमध्ये आणि लोरेन घरात, असा त्याचा संसार चालला होता. लोरेन मोटारींच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. या गाडीच्या काळ्या सीटाही एका हिवाळ्यात तिनेच नव्याने शिवल्या होत्या. पण बसायची ती कायम उजवीकडे. डावीकडे, स्टिअरिंगपाशी बसून चालवायचं तिने कधी मागितलं नाही, आणि कॅझने कधी विचारलं नाही.

मग डिसेंबरात मधुमेहाने कॅझचा डावा पाय गुडघ्याखाली घेतला.

नवा पाय चांगला होता. त्याच्यावर कॅझ काठी घेऊन चालायचा, चर्चला जायचा, जिनाही चढायचा. पण या गाडीचा क्लच म्हणजे जुन्या विहिरीचा हातपंप. जोर तर हवाच, शिवाय तो कुठे पकडतो ते तळव्याला कळावं लागतं. प्लॅस्टिकच्या तळव्याला कसं कळणार? मुलगी शेरिल फोनवरून म्हणाली, “बाबा, ऑटोमॅटिक गियर बसवून घ्या.” कॅझने फोन लोरेनच्या हातात दिला आणि टीव्ही लावला.

तो टीव्ही वसंत सरत आला तरी चालूच होता. गॅरेजकडे कॅझ फिरकत नव्हता. एका सकाळी तो टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, “विकून टाकू.”

गिऱ्हाईक आलं. उत्तरेकडच्या उपनगरातला दाताचा डॉक्टर, सज्जन माणूस. गाडीभोवती तो देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होता. “सीटा अगदी मूळच्या दिसतात,” तो म्हणाला. लोरेन नुसती हसली.

डॉक्टरला गाडी उत्तम चालवता येत होती. त्याने ती सुरू केली तशी शेजारच्या कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. तो गल्लीला वळसा घालायला गेला आणि नवरा-बायको अंगणात आवाज ऐकत उभे राहिले. पहिला गियर, मग दुसरा. लोरेनचं सहज खाली लक्ष गेलं. गियर बदलल्याचा आवाज आला की कॅझची डावी मांडी पँटच्या आत घट्ट व्हायची, पुढे रेटायची. तिसऱ्या गियरलाही तसंच झालं. जो पाय उरलाच नव्हता, तो क्लच दाबत होता. कॅझ मात्र शांतपणे रस्त्याकडे पाहत होता. आपली मांडी हलतेय हे त्याच्या गावीही नव्हतं.

डॉक्टर हसत हसत परतला. “कमाल आहे हो! कधी घेऊन जाऊ?”

“माफ करा हं,” लोरेन म्हणाली. “विकायची नाहीये.”

“काय?” हे डॉक्टर आणि कॅझ दोघंही म्हणाले.

“कॉफी घेऊन जा. केक पण आहे.”

डॉक्टरने केक खाल्ला, एवढंसं तोंड करून निघून गेला. त्यानंतर कॅझने तोंड उघडलं.

“आणि चालवणार कोण ती?”

“मी.”

कॅझ हसला. चांगला खदखदून हसला. महिन्यांनी हसला होता, म्हणून लोरेनने तो अपमान पोटात घातला.

आणि म्हणून आज, जून महिन्याच्या एका शनिवारी, ती दोघं चर्चच्या आवारात बंद गाडीत बसली होती.

“पुन्हा लाव,” कॅझ म्हणाला. “पेट्रोलचा पाय दोनदा मार. दोनदा म्हटलं! गियर बघू नकोस, समोर बघ. कुणी सांगितलं इथे दुसरा टाकायला? कान आहेत ना तुला? इंजिन रडतंय तिकडे!”

लोरेनने किल्ली फिरवून गाडी बंद केली. पर्स घेतली, दार उघडलं, आणि खाली उतरून चालू लागली.

“कुठे चाललीस?”

“घरी.”

“आणि मी?”

“इंजिन रडतंय ना? त्याची समजूत काढ.”

घर चार गल्ल्या दूर होतं आणि कॅझची काठी घरातच राहिली होती. तो बसून राहिला. ऊन वर आलं, काळ्या सीटा तापल्या. चर्चमधून फादर बर्नार्ड बाहेर आले. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

“कॅझ? पापांची कबुली द्यायला आलायस की काय?”

“बायकोची वाट बघतोय, फादर.”

“म्हणजे तेच,” फादर म्हणाले, आणि आपल्या टोमॅटोच्या वाफ्यांकडे निघून गेले.

लोरेन आली तेव्हा तिच्या हातात सॉसेजचं सँडविच होतं आणि थर्मास होता. ती डावीकडून आत बसली. सँडविच त्याच्या मांडीवर ठेवलं. कॅझने ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं.

“ओरडायला नको होतं मी,” शेवटी तो म्हणाला.

“नव्हतंच.”

“गाडी मोडेल म्हणून नव्हतो ओरडत.”

“मग?”

त्याने सँडविचचा कागद घडी करायला घेतला. लहान लहान घड्या घालत राहिला.

“तुला जमेल म्हणून,” तो म्हणाला. “आज ना उद्या जमेल तुला. तू मशीनवर कसली पक्की होतीस, बघितलंय मी. मग तू चालवशील आणि मी इथे शेजारी बसेन, गाठोड्यासारखा. खिडकीतून हात बाहेर काढून. मग माझं काम काय गं, लोरेन?”

लोरेन समोरच्या काचेतून पाहत राहिली. फादर बर्नार्ड पाइपने टोमॅटोंना पाणी घालत होते.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “पाय मला जमतील. पाय म्हणजे मशीनच. पण तो गियरचा दांडा काही जमायचा नाही. पायाकडे लक्ष दिलं की हात विसरते, हाताकडे दिलं की पाय. तो दांडा तू घाल ना. तुझ्याच बाजूला तर आहे.”

“डाव्या हाताने?”

“डावा हात तर आहे ना तुझा?”

कॅझने दांड्यावर हात ठेवला. त्याच्यासाठी सगळं उलटं होतं. आयुष्यभर उजव्या हाताने जे केलं ते आता शेजारच्या सीटवरून डाव्याने करायचं.

“मी क्लच दाबला की ‘हं’ म्हणेन,” लोरेन म्हणाली. “मग तू टाक.”

“हं.”

“तू नाही, मी म्हणायचं!”

गाडी आवारातून निघाली. चर्चला एक फेरी मारली, मग दुसरी. दुसऱ्या गियरला जरा कर्रर्र झालं आणि दोघांनी एकदमच म्हटलं, “माझी चूक नाही!” फादरनी पाण्याचा पाइप वर करून सलामी दिली.

त्या उन्हाळ्यात कॅझ जेवणाच्या टेबलावर डाव्या हातात सूपचा डाव धरून गियर टाकायचा सराव करत असे. लोरेन हळूहळू गाडीला सरावली. ही काही आजच्या गाडीसारखी आपणहून चालत नव्हती. स्टिअरिंग वळवायला खांद्यापासून जोर लागायचा, ब्रेकचा विचार आधीच्या चौकातच करून ठेवावा लागायचा. खालचा पत्रा इतका तापायचा की चपलेतून चटका बसे, आणि घरी आल्यावर केसांना पेट्रोलचा वास यायचा. पण लाल दिव्याला उभं राहिलं की सगळी गाडी मांजरासारखी गुरगुरत अंग घुसळायची, आणि ते गुरगुरणं थेट पोटात उतरायचं. इतकी वर्षं उजव्या सीटवर बसूनही लोरेनला हे ठाऊक नव्हतं.

पेट्रोल भरायला गेलं की अर्धा तास मोडायचा. कुणी ना कुणी यायचंच. “माझ्या मामाकडे अशीच होती हो, लाल.” “आम्ही दोघं पहिल्यांदा अशाच गाडीतून गेलो होतो फिरायला.” एक म्हातारी तर काही न बोलता बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली आणि निघून गेली. कॅझ सगळ्यांशी बोलायचा. घरातला टीव्ही आता संध्याकाळच्या बातम्यांपुरताच लागत होता. जुलै संपेस्तोवर ‘हं’ म्हणायचीही गरज उरली नाही. तिचा गुडघा खाली गेला की त्याचा हात हलायचा.

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा असतो. कॅझ दर वर्षी जायचा. या वर्षी तो म्हणाला, “गर्दी फार असते, राहू दे.” लोरेन म्हणाली, “बटाट्याचं सॅलड करून झालंय.” म्हणजे जायचं.

कॅझचा कारखान्यातला जुना सोबती ऑटिस ग्रँबी दर वर्षी ठरलेल्या झाडाखाली आपली निळी शेव्हल गाडी लावून, शेगडी पेटवून बसे. त्याने दोघांना असं येताना पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. पोरंटोरं कॅझभोवती जमली. तो त्यांना इंजिन दाखवत असताना ऑटिस लोरेनच्या कानाशी वाकला.

“वहिनी, मे महिन्यात माझ्या गाडीवर शिकायला यायचात तेव्हा तर चारही गियर एकट्या टाकायचात. लोण्यासारखे.”

“मे महिन्यात मी तुमच्या बायकोकडे भरतकाम शिकायला यायचे.”

“पण वहिनी...”

“ऑटिसभाऊजी, तुमचं सॉसेज करपतंय.”

ऑटिसने तिच्याकडे पाहिलं, मग कॅझकडे पाहिलं. चिमटा उचलला आणि त्या विषयाला कायमची मूठमाती दिली.

परतताना घोळ झाला. रस्ता गाड्यांनी तुंबला होता, आणि अशा संथ गर्दीत या गाड्यांची माथी भडकतात. तापमानाचा काटा वर सरकू लागला.

“तापतेय,” कॅझ म्हणाला. “हिला वारा पाहिजे. इथेच अडकलो तर वाफ होईल सगळी.”

डावीकडचा आडरस्ता लाकडी अडसर घालून बंद केला होता. तिथे एक पोलीस उभा होता. लोरेनने खिडकीतून हात हलवला.

“साहेब, जरा सोडता का इथून? म्हातारी तापलीये.”

पोलीस वाकला. त्याने तिचे पाय पाहिले, मग दांड्यावरचा कॅझचा हात पाहिला.

“एक मिनिट. गाडी नक्की कोण चालवतंय?”

“मी,” लोरेन म्हणाली.

“मी,” कॅझ म्हणाला.

पोलिसाने काळा चष्मा काढला. “लायसन्स कुणाकडे आहे?”

दोघांनी एकदमच खिशात आणि पर्समध्ये हात घातला. पोलीस इतका हसला की अडसर सरकवायला त्याला वेळ लागला. “जा,” तो म्हणाला. “पुढे मोठा रस्ता लागेल, मोकळा आहे. तिथे हिला श्वास घेऊ द्या. आणि जाताना मला जरा आवाज ऐकवा.”

मोठ्या रस्त्यावर समोर काहीच नव्हतं. लोरेनने इतके दिवस गाडी जपून, सांभाळून चालवली होती.

“दाब,” कॅझ म्हणाला.

“किती?”

“सगळं.”

तिने दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून काहीतरी जागं झालं, गाडीचं नाक उचललं आणि तिची पाठ तिनेच शिवलेल्या सीटमध्ये रुतली. तिचा गुडघा, त्याचा हात. दुसरा. पुन्हा गुडघा, पुन्हा हात. तिसरा. लोरेन ओरडत होती आणि आपण ओरडतोय हे तिला कळतही नव्हतं. चौथ्याला कॅझ म्हणाला, “आता सोड, नाहीतर तो हसणारा पोलीस रडवेल,” आणि तापमानाचा काटा हळूहळू खाली आला.

घरी पोचेपर्यंत उजेड उतरला होता. गाडी गॅरेजमध्ये शिरली, बंद झाली. तापलेला पत्रा टिक टिक करत निवू लागला. लोरेन दार उघडून उतरायला गेली आणि तशीच पुन्हा बसली.

“काय झालं?”

“पाय. नुसता थरथरतोय बघ. उभं नाही राहवत.”

कॅझने वाकून तिची डावी पोटरी हातात घेतली आणि कणीक मळावी तशी दाबू लागला.

“पहिल्या उन्हाळ्यात माझा पण असाच थरथरायचा,” तो म्हणाला.

“हाच?”

“हाच. डावा.”

त्याचा अंगठा हळूहळू घोट्यापाशी गेला, पुन्हा वर आला. नेमकं कुठे दुखतं ते त्याला विचारावं लागत नव्हतं.

“मग थांबायचं कसं?” तिने विचारलं.

“थांबत नाही गं,” कॅझ म्हणाला. “सवय होते.”

तिने दार ओढून घेतलं, पाय त्याच्याकडे आणखी सरकवला आणि डोकं मागे टेकलं.