उजव्या कोपऱ्यातले अहो

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना मॉनिटर आहे, पण एकटा नव्हे, जोडीतला. डावा मी, उजवा माझा भाऊ. नऊ वर्षं एका टेबलावर खांद्याला खांदा लावून उभे होतो. मध्ये बोटभर काळी फट.

आमची बाई भरतकामाचे नमुने करायची. फुलं, वेली, पाखरं, सगळं माझ्यावर. राबायचो मी! भावाकडे नुसती धाग्यांच्या रंगांची यादी, आणि खालच्या कोपऱ्यात बाईच्या नवऱ्याचा फोटो. तो जहाजावर इंजिनं सांभाळायचा. तो फोटो बाईनं कधी जागचा हलवला नाही, की भावाला घटकाभर मिटू दिलं नाही. म्हणायची, "असू दे चालू. घरात माणूस असल्यासारखं वाटतं."

एकदा जहाज परत आलं, त्याची पेटी आली, तो आला नाही.

बाईनं फोटो बंद केला. बघते तर काय, फोटो गेला, पण माणूस तिथंच! डोकं, खांदे, टोपीची कड. राखाडी सावली. एकच चित्र वर्षानुवर्षं ठेवलं की ते आमच्यात असं मुरतं.

मग बाई त्या सावलीशी बोलायला लागली. "अहो, हा निळा फिका पडतोय का?" विचारायची, जरा थांबायची, आणि मुकाट्यानं रंग बदलायची. खरं सांगतो, मला शेजारी उभं राहायची भीती वाटायची.

सारखं उजवीकडे बघून बाईची मान आखडली. सुई धरवेना. मुलगी वैतागली.

"आई, एकच रुंद पडदा घे. मान सरळ राहील, मधली फटही जाईल."

"फटीचं काय घेऊन बसलीस? एकावर नमुना, एकावर यादी. मला दोनच लागतात."

"कामाला नाही लागत, आई. बाबांना लागतात."

बाईनं आखडलेली मान चोळली.

रुंद पडदा आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. बाईनं नमुना लावला, यादी लावली, कोपऱ्यात फोटोही लावला. "अहो, हा हिरवा चालेल?" विचारून थांबली. फोटो नुसता हसत राहिला. हिरवा तसाच राहिला.

दुरुस्तीवाला आम्हाला न्यायला आला. डाग दिसावेत म्हणून दोघांना चालू करून अख्खं पांढरं करून बघितलं. "ताई, डावा अगदी स्वच्छ आहे, राहू द्या. उजवा डागाळलाय, तो नेतो."

"डावाच न्या."

"अहो ताई, चांगला देताय आणि खराब ठेवताय?"

"खराब नाही तो. राहतं कुणीतरी त्यात."

मुलीनं आईकडे बघितलं आणि हातोडी आणली. रुंद पडद्याच्या वर, आईच्या अगदी नाकासमोर, तिनंच फळी ठोकली आणि भावाला तिथं बसवलं. मान सरळची सरळ.

मी आता दुकानाच्या मांडणीवर आहे. गिऱ्हाईक येतं, मला पांढरं करतं, म्हणतं, "वा, एक डाग नाही!" नऊ वर्षं राबलो, मित्रांनो, पण माझ्यात कुणी थांबलंच नाही.

काम झालं की आम्हाला मिटत जा, आम्हीही थकतो. आणि टाकून देण्याआधी एकदा पांढरं करून नीट बघा. आत कुणी बसलेलं असेल.