बिनकामाचा डावा पाय

गंगाची गाडी बघितली की माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करू? सगळ्या सर्वण गावाला ठाऊक आहे, पाववाल्या पोदेरालासुद्धा. परवा पाव देता देता तो म्हणाला, "बाय, धाकल्या जावेनं काय मस्त गाडी घेतली गो!" मी म्हटलं, "तू पाव दे. गाडी खायची नाहीये मला."

गंगा माझी धाकटी जाऊ. दीर गोकुळदास पणजीला नोकरीत, त्याने बायकोला गाडी घेऊन दिली. आमचं घर एक, चुली दोन आणि सासू एकच. सासूला आम्ही मांय म्हणतो. भांडण असलंच तर त्या मांयचं आहे, ती कुणाच्या गाडीत पुढे बसते ह्याचं.

आता माझं ऐका. माझा नवरा दत्ताराम खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा त्याने जुनी व्हॅन घेतली, आणि मग त्याची कंबरच गेली. व्हॅन कोण चालवणार? मी! शिकवायला तोच, आणि तोंड खाणीवरचं. "क्लच सोड! हळू सोड! अगो हळू म्हणजे काय ता तुका कळता काय नाय?" घराकडच्या चढावर व्हॅन मागे मागे जायची नि मी रडायची. डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. पण शिकले. उतारावर गाडी थांबवली की आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, मग गिअर, आणि वर चाकाखाली चिऱ्याचा तुकडा. ही खाणीवरची रीत. तो तुकडा आजही माझ्या सीटमागे असतो.

आमच्या वाड्यावर स्टिअरिंग धरणारी पहिली बाई मी. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला पेडण्याला लग्नाला जायचंय, "सुमंगलाक सांगा." मांय पुढच्या सीटवर, हात खिडकीवर, वाटेत भेटेल त्याला मान हलवून दाखवत. आणि चवथीला आमच्या घरचा गणपती डिचोलीच्या चित्रशाळेतून आणायचा मानही माझाच. पुरुष माणसं गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलेली असतात. एका वर्षी मी आणि मांय व्हॅन घेऊन गेलो, तेव्हापासून तीच चाल पडली. सहा वर्षं गणपती मी आणला.

आणि मग आली ही गंगा. आठवड्यात शिकली! रडणं नाही, ओरडा नाही, गुडघा नाही. "वयनी, ह्या गाडीला क्लचच नाही. डीवर टाकायचं, ब्रेक सोडायचा, चालली." उजव्या पायाने सगळं काम, आणि डावा पाय जावयासारखा नुसता बसून. म्हणजे मी घाम गाळून वाट पाडायची आणि ही आयत्या बिळावर नागोबा!

मांय एकदा तिच्याबरोबर बाजारात काय गेली, आल्यावर एकच पाठ. "हिसको म्हणून नाय गो. पोटातला पाणी हलाक नाय." माझ्यासमोर! मी ताक घुसळत होते, रवी अशी फिरवली की ताक भिंतीवर गेलं.

चवथीच्या आदल्या दिवशी मांयने घोटाळत घोटाळत विषय काढला. "सुमंगले, ह्या वर्षी गणपती गंगाच्या गाडयेतसून हाडूया. तुझे व्हॅनीत हिसके बसतत. तू मांडयेर घेवन मागे बस. मनाक लावून घेव नको."

मनाला लावून घेऊ नको म्हणे. मग कशाला लावून घेऊ, चुलीला? पण सणाचं घर, मी होय म्हटलं. रात्रभर मात्र हेच डोक्यात, ह्या वर्षी गणपती गंगा आणणार आणि पुढच्या वर्षीपासून तीच चाल पडणार. मला तर माहीतच होतं, आमच्या घरात चाल कशी पडते ते.

सकाळी निघालो. गंगा स्टिअरिंगवर, मांय पुढे पट्टा बांधून, मी मागे. पट्टासुद्धा! माझ्या व्हॅनीत कधी बांधला नाही हो त्या बाईने, म्हणायची गुदमरायला होतं. मूर्तिकार सगुण मेस्तांची चित्रशाळा उतारावर आहे, आणि तिथे गाड्यांची ही रांग. गंगाने गाडी तोंड खाली करून लावली, गिअरचा दांडा पीवर टाकला आणि उतरू लागली.

"गंगा, हँडब्रेक," मी म्हटलं.

"पी म्हणजे पार्किंगच वयनी. ह्या गाडीला हँडब्रेकची गरज नाही."

"बरं मग चाकाखाली दगड तरी—"

"दगड? नव्या गाडीला?" ती हसली. मांयसुद्धा हसली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता!

आमच्याकडे नागपंचमीच्या आधीच चित्रशाळेत घरचा पाट देऊन ठेवतात, त्या पाटावरच मूर्ती घडते. पाटासकट गणपती एकदा उचलला की तो घरी माटोळीखालीच टेकवायचा, मध्ये जमिनीला लावायचा नाही. सगुण मेस्तांनी तोंडावर कापड घातलेला गणपती माझ्या मांडीवर ठेवला. तेवढ्यापुरतं मन निवलं. देवाला काय, त्याला कुणाची गाडी नि कुणाची मांडी सारखीच.

गंगाने गाडी चालू केली, ब्रेकवर पाय दिला, दांडा ओढला. हलेना. पुन्हा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. मागे हॉर्न सुरू झाले. मांयने "देवा महाराजा" सुरू केलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं! उन्हाळ्यात कोकमाचं सरबत प्यावं तसं. करा आता नव्या गाडीचं कौतुक! पण गणपतीचा भार मांडीवर, पाय बधिर झालेले, आणि आरशात गंगाचा चेहरा दिसला. रडायलाच आली होती. मी व्हॅनीत रडायची तेव्हा माझा चेहरा असाच होत असेल.

"अगो, गाडी उतारावर नि हँडब्रेक सैल," मी म्हटलं. "सगळा भार त्या पीच्या दातावर अडकलाय. भार काढला की सुटेल. ब्रेकवरचा पाय अलगद उचल, आणि मी सांगितलं की घट्ट दाब. मेस्तांनू, गाडी पुढून जरा वर रेटा!"

सगुण मेस्त आणि रांगेतले तिघे पुढे आले, रेटा दिला, गाडी वीतभर मागे सरकली. "दाब! ओढ दांडा!" खट्ट करून दांडा सुटला. "आता हँडब्रेक ओढ!" तो एकदाचा ओढला तिने.

"वयनी, माझ्याने नाही होणार आता. तुम्ही चालवा."

काय सांगू! एवढ्या हॉर्नांत मला चौघडा वाजल्यासारखं वाटलं. गणपती माझ्या मांडीवरून गंगाच्या मांडीवर गेला आणि मी स्टिअरिंगवर बसले. सातवं वर्षही माझंच! मांयने तिरक्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

आणि गाडी? लोण्यातून सुरी जावी तशी. हिसका नाही, घरघर नाही. माझ्या सुजलेल्या गुडघ्याची शपथ, मला आणखीनच राग आला. एवढं सोपं असतं होय हे? मग मी का रडले होते?

दैव देतं आणि कर्म नेतं. सर्वणच्या फाट्याला वळताना पुढची बस एकाएकी थांबली. मी उजवा पाय ब्रेककडे नेला, आणि इतका वेळ जावयासारखा बसलेला माझा डावा पाय एकदम कामाला धावला. क्लच दाबायला! क्लच होता कुठे तिथे? होता तो रुंद ब्रेक. व्हॅनीचा क्लच टाचेने तुडवावा लागतो, त्याच जोराने मी ब्रेक तुडवला. गाडी हिसका खाऊन जागच्या जागी थांबली. मांय पट्ट्यात लटकली. मागे धप्प आवाज झाला.

"गंगा! गणपती?"

"गणपती बरा आहे, वयनी."

वळून बघते तर ती पाटावर पुरी ओणवी झालेली, दोन्ही हातांचं कुंपण गणपतीभोवती. कपाळ मात्र पुढच्या सीटवर आपटलेलं. कापडसुद्धा सरकलं नव्हतं.

"सुमंगले," मांय पट्टा सावरत म्हणाली, "ह्या गाडयेक क्लच नाय गो."

पुढचा रस्ता मी डावा पाय सीटखाली मुडपून गाडी चालवली.

दारात सगळे जमलेले. दत्तारामने कंबर सावरत गंगाच्या मांडीवरचा पाट उचलून घेतला, गोकुळदासाने आरती ओवाळली, गणपती माटोळीखाली बसला. मग गोकुळदासाचं लक्ष बायकोच्या कपाळाकडे गेलं. "हे टेंगूळ कसलं?"

मी तोंड उघडायच्या आत गंगा म्हणाली, "माझाच पाय चुकला. फाट्यावर ब्रेक जोरात दाबला मी. वयनी मागे होत्या, त्यांनी सांभाळला गणपती. मग आम्ही जागा बदलल्या."

झालं! बायका तिच्याभोवती गोळा. "अगो बाय, लागलं काय गो? चूक कबूल करायला मन लागतं हो मोठं." शेजारची शांता तर तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मांयला सगळं ठाऊक, ती आपली गणपतीकडे बघत हात जोडून गप्प. आणि मी तिथे निरांजन धरून उभी.

गाडी तिची. पुढच्या सीटवरची मांय तिची. आता चांगुलपणाही तिचाच? आणि गणपती कुणी आणला म्हणून विचारलं तर तेही गंगानेच? छट्! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. निरांजन बाजूच्या पाटावर आपटलं.

"खोटं बोलते ही! चित्रशाळेपासून गाडी मी चालवली. ब्रेक मी मारला, ह्या डाव्या पायाने! ही मागे होती, गणपती हिने सांभाळला. पण आणला मी! ह्या वर्षीसुद्धा मीच आणला!"

दत्ताराम माटोळीखाली सुपारी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"वयनी," गंगा हळूच म्हणाली, "मी तुम्हाला वाचवत होते."

"वाचवू नको मला. माझी चूक आहे, माझ्याकडेच राहू दे."

तेव्हा कुठे मांय वळली. "होय गो. सुमंगलेनंच हाडलो," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी माका मागे बसवा. पुढे बसून माझा काळीज फुटला."

सगळे हसले. गंगा सर्वांत जास्त हसली, कपाळाला हात लावून. मी आत गेले, गार पाण्याची वाटी आणली आणि तिच्या टेंगळावर दाबून धरली, जरा जोरातच. मेलीला टेंगूळसुद्धा शोभून दिसत होतं.