मला पोर्तो दाखवलं

रेखाचा गुडघा बरोबर दुपारच्या जेवणाच्या वेळी दुखायला लागला. आदल्या दिवशी विमानतळावर याच गुडघ्याने ती ट्रॉलीच्या पुढे पळत होती, पण ते मला तेव्हा आठवलं नाही.

"शशी, तू जाच. वॉकिंग टूरचं बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे," ती म्हणाली. "तुला हिस्टरी आवडते. मोहन येईल सोबत. आम्ही बायका जरा रेस्ट घेतो."

"मीसुद्धा बाईच आहे," मी हसत म्हणाले. कुणी हसलं नाही. देवयानी पावाला लोणी लावत राहिली. रेखाची नवी सून सान्वी फोनमध्ये होती आणि मुलगा कुश देवयानीच्या नवऱ्याबरोबर, मिलिंदबरोबर, फुटबॉलचं स्टेडियम बघायला गेला होता.

आमची टोळी लेस्टरची. रेखा-मोहन, देवयानी-मिलिंद, आणि अवधूत आणि मी. दर जानेवारीत, तिकिटं स्वस्त असताना, युरोपातलं एखादं शहर बघायचं, फ्लॅट भाड्याने घ्यायचा आणि मनसोक्त खिदळायचं, हे मुलं लहान होती तेव्हापासूनचं. गेल्या वर्षी अवधूत गेला. नवरा गेल्यावर बायका कशाकशाला घाबरतात कोण जाणे, मला एकाच गोष्टीची धास्ती होती: या जोडप्यांच्या घोळक्यातून मला हळूच बाजूला काढतील. भांडून नाही. नुसतं बोलवायचं राहून जाईल. म्हणून रेखाने यंदाही माझं तिकीट काढलं तेव्हा मी बाथरूमचं दार लावून रडले होते. रेखा माझी आहे, मग बाकी कुणाची पर्वा नाही, असं मला वाटलं.

साव बेंतो स्टेशनात इनेश नावाची गाइड पिवळी छत्री धरून उभी होती. स्टेशन कसलं, राजवाडाच तो. भिंती भरून निळ्या टाइल्स आणि त्यांवर लढाया, राजे, घोडे. मोहन एरवी असल्या ठिकाणी मान खाली घालून क्रिकेटचा स्कोअर बघतो. त्या दिवशी त्याने इतके प्रश्न विचारले की मलाच लाज वाटली. टाइल्स कुठे भाजतात, घोडा कुठल्या जातीचा, गाड्या वेळेवर सुटतात का. इनेश बिचारी सगळ्याची उत्तरं देत होती. म्हातारपणी माणूस सुधारतो म्हणायचा, असं मी मनात म्हटलं.

कॅथेड्रलच्या खालच्या गल्ल्यांत चढ असा की जिना परवडला. बारीक पाऊस सुरू झाला होता. एका खिडकीत अंगभर काळे कपडे घातलेली म्हातारी बसली होती. इनेशने आवाज खाली केला. तिची आजी अशीच होती म्हणाली. आजोबा मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. आजी तेव्हा तरणीताठी होती, पण मरेपर्यंत तिने काळं सोडलं नाही. लग्नालासुद्धा ती मागच्या बाकावर बसायची.

"तुमच्याकडे पांढरं नेसतात ना?" तिने मला विचारलं.

"नेसायच्या," मी म्हणाले, आणि मग माझी गाडी सुटली. म्हटलं, माझा नवरा गेल्या वर्षी वारला आणि बघ, मी हा जांभळा कोट घालून तुझ्या शहरात हिंडते आहे. आमच्यात ते सगळं कधीच संपलं. आमच्या मंडळात हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलावतात, आणि ते सुरू कुणी केलं? माझ्या मैत्रिणीने. स्टेजवर उभं राहून भाषण केलं तिने. आमच्या घोळक्यातल्या दोन डच बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मोहनला मात्र जोराचा खोकला आला.

टूर संपली ती दोन चर्चपाशी. दोन्ही शेजारी शेजारी, आणि मधे जेमतेम दाराएवढं रुंद घर. लोक रोज समोरून जातात पण त्यांना ते दिसत नाही, असं इनेश म्हणाली. एकीकडे पाद्री राहायचे, दुसरीकडे नन्स. दोघांची भिंत एक होऊ नये म्हणून मधे हे घर घातलं, असं सांगतात. मग तिने छत्री मिटली, सगळ्यांचे आभार मानले आणि गेली.

माझे मोजे भिजले होते. "चल, घरी जाऊ," मी मोहनला म्हटलं.

"इतक्यात? चर्च आतून बघू ना. मग कॉफी घेऊ. मग तो पूल आहे नदीवर."

"तुला कॉफीने अ‍ॅसिडिटी होते."

"टी घेऊ मग."

पत्त्यांत थाप मारताना या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. आत्ताही झाल्या होत्या.

"मोहन, काय चाललंय?"

मग तो भडाभडा बोलला. सान्वीची ही पहिली संक्रांत. रथसप्तमीच्या आत तिचं हळदीकुंकू उरकायला हवं, तिच्या माहेरी लीड्सला जायचं कुणाला जमत नव्हतं, म्हणून मग इथेच. काळी साडी, हलव्याचे दागिने, तिची आई आणि आजी व्हिडिओवर. "आणि दागिने तू केलेलेच घालणार आहे हं ती," तो म्हणाला, जणू मला बक्षीस देत होता. "फक्त, तुला ऑकवर्ड नको व्हायला. तुला वाईट वाटू नये म्हणूनच तर रेखाने टूर बुक केली. स्पेशली."

दागिने मीच केले होते. मंद आचेवर तासन्‌तास तीळ हलवत, थेंब थेंब पाक घालत, बोटं भाजून घेत. तुझ्यासारखा काटा कुणाच्या हलव्याला येत नाही, असं रेखाच म्हणाली होती. म्हणजे माझ्या हातचा हलवा सुनेच्या गळ्यात चालतो, माझा हात तिच्या कपाळाला चालत नाही. पुण्यात याला कात्रजचा घाट दाखवणं म्हणतात. मला पोर्तो दाखवलं.

"आणि ते मंडळातलं भाषण?" मी विचारलं.

"ते मंडळात गं," मोहन म्हणाला. "ही घरची सून आहे."

इतकं खरं तो आयुष्यात कधी बोलला नसेल. मी उतार उतरायला लागले. तो मागून ओरडत होता, "शशी, अगं थांब, रेखाला मेसेज तर करू दे." दाराचा कोड मला पाठ होता.

सान्वी खुर्चीत बसली होती, काळ्या साडीत, पांढऱ्याशुभ्र दागिन्यांत. पोर फार गोड दिसत होती, रागातही मला ते दिसलं. टेबलावर पाण्याच्या जगला टेकून रेखाचा फोन उभा होता आणि त्यात लीड्सच्या दोघी. रेखा गुडघ्यावर बसून देवयानीच्या फोनने फोटो काढत होती.

मला बघताच सान्वी उठली. "शशीमावशी, तू आला! थांब, तुलापण लावते." कोयरी घेऊन ती माझ्याकडे निघालीच. इंग्लंडातच वाढलेली पोर, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

रेखाने पुढे होऊन तिचा दंड धरला. जोरात नाही. दुसऱ्या हाताने तिने टेबलावरचा फोन बाल्कनीकडे वळवला.

मी वाट बघत उभी राहिले. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं, चुकलं गं एवढं ओठांनी म्हटलं असतं, तरी मी सगळं सोडून दिलं असतं. शप्पथ. रेखा फोनकडे बघत होती.

"रेखाताई, काही दिसत नाहीये," सान्वीची आई फोनवरून म्हणाली. "कोण आलं का?"

"कोणी नाही हो," रेखा म्हणाली.

आणि मी, परक्या बायकांच्या टाळ्या घेऊन आलेली मी, हूं की चूं केलं नाही. फोन बंद होईपर्यंत ओल्या कोटात भिंतीला टेकून उभी राहिले, लीड्सला ऐकू जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत.