कालपासून

"हे कुणाला खरंच वाटणार न्हाई," म्हणत राघोबानं घोंगडी झटकून अंथरली आणि डॉक्टरबाईंचा टेपरेकॉर्डर आपल्याकडं ओढून घेतला.

डॉक्टर शिवकन्या गुलबर्ग्याहून खजुरीला आल्या होत्या. पुढं डॉक्टर होणाऱ्या पोरांना रोग्याशी बोलायला कसं शिकवावं, याचा नवा अभ्यासक्रम त्या आखत होत्या आणि त्यासाठी गावोगाव अनुभव गोळा करत होत्या. एखादा चांगला निघाला तर तोच पहिला धडा, असं त्या म्हणाल्या नि राघोबाला चेव आला.

त्यानं बायकोच्या मरणाची गोष्ट काढली. बारा वर्षांत ती चांगलीच पोसली होती. सुरुवातीला डॉक्टर नुसता घाईत असायचा. पुढं त्याला मिशा फुटल्या. आज तर तो एका हातानं फोन धरून, दुसऱ्यानं इडली मोडत, पायानं पंख्याचं बटण दाबत रोगी तपासत होता. बाई हसल्या. पोटफुगीच्या गोळ्या देऊन त्यानं वाटेला लावलं आणि तिसऱ्या दिवशी आतडं फुटून अंबुबाई गेली, एवढं मात्र कधी बदललं नव्हतं.

दारात ज्वारी पाखडणारी त्याची लेक मंगल हसली नाही. राघोबा तिच्याकडं पाठ करून बसला. अख्खं गाव मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलायचं, पण ही गोष्ट त्यानं कन्नडात कधीच सांगितली नव्हती.

"अंबुबाईंना कन्नड यायचं?" बाईंनी विचारलं.

"कुठलं? ती उमरग्याकडची. अन् डाक्टरला मराठी न्हाई."

"मग मधे कोण बोललं?"

राघोबानं घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"बोलायची पाळीच आली न्हाई, बाई. कवापासून दुखायलंय, एवढंबी त्यानं इचारलं न्हाई."

बाईंनी ते वहीत उतरवलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. पहिला धडा हाच, म्हणाल्या.

मंगलचं सूप थांबलं.

"इचारलं व्हतं, अप्पा," ती हळूच म्हणाली. "आई आठ दिस म्हनली. ते आठ दिस तुमी जत्रंत व्हतात. म्हनून डाक्टरला कन्नडात तुमी 'कालपासून' सांगितलं. मला कन्नड यायचं तवाबी."