लांबलेला टेप

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातला जुना टेप. आज मला तुमच्यापुढे एक चूक कबूल करायची आहे.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात सांडू आणि कडुबा या भावांचं शिलाईचं दुकान आहे. मी कोरा होतो तेव्हापासून धाकट्या कडुबाकडे आहे. त्याच्या हातचा ब्लाउज हवा म्हणून बाया पार लांबच्या पुंडलिकनगरहून येत.

पुढे कडुबाला स्किझोफ्रेनिया झाला. कोणी नसताना कानात आवाज येत. गोळ्यांनी आवाज थांबले, पण शंका थांबली नाही. एकच माप तो सहा-सहा वेळा घेई, मला ताणून ताणून. वहीकडे वळेपर्यंत आकडा विसरून जाई. डॉक्टरांनी सांडूला समजावलं होतं, "या आजारात लक्ष आणि आठवण मंदावते. शंकेनं डोकं आणखी थकतं. पण अक्कल जात नाही. एका वेळी एकच काम सांगा." तेव्हापासून कडुबा आकडा मोठ्यानं म्हणे आणि त्याची बायको भामाबाई लिहून घेई. काम नीट चाले.

मग ब्लाउज घट्ट होऊन परत येऊ लागले.

"दादा, टेप लांबलाय," कडुबा म्हणाला. "मीटरच्या लाकडी पट्टीला लावून बघ."

"गोळी घेतली का आज?"

"घेतली. तू टेप बघ."

"तुला तर दाराची लावलेली कडीबी खरी वाटत नाय. उद्यापासून कात्री सोड, नुसती बटनं लाव."

मित्रांनो, तो खरं बोलत होता. मी इंचभर लांबलो होतो. अंगाचं माप माझ्यावर घेत आणि कापडावर खूण लाकडी पट्टीनं करत. माझ्यावर माप कमी भरे, म्हणून कपडा घट्ट होई. मला ते कळत होतं. मी दोष त्याच्या आजारावर जाऊ दिला.

चार महिने कडुबानं बटणं लावली. मग एकदा स्वतःचा टेप सापडेना म्हणून खुद्द सांडूनं माझ्यावर माप घेऊन शिवलेला नवरीचा ब्लाउज घट्ट आला. भामाबाईनं मला उचलून पट्टीवर पसरलं.

"बघा भावजी, ह्याचे पस्तीस म्हंजे पट्टीचे छत्तीस. आता ह्यालाबी गोळी देता का?"

 सांडूनं कात्री भावापुढं ठेवली. "कडुबा, माझं चुकलं. घे, काप."

कडुबानं हात मागं घेतला. "नको दादा. माझंच चुकतंय असं लई दिवस मनाला शिकवलंय. आता हात धजत नाय."

नवा टेप त्याच दिवशी आला. कात्रीला अजून कडुबाचा हात लागलेला नाही.

मित्रांनो, आजारी माणसाला गोळी वेळेवर द्या. पण तो एखादी गोष्ट बघायला सांगेल, तेव्हा उठून बघा. मी खुंटीवर लटकत राहिलो. तुम्हाला पाय आहेत.