चाळीसच्या पुढे काटा

"अजून वाढव," दिनकरराव म्हणाले. ते कॅबिनच्या दारात वाकून उभे होते आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून सिनेमाच्या पडद्याकडे बघत होते.

"मालक, चाळीस अँपिअरचा दिवा हाय हा. काटा चाळीसवरच हाय."

"पुढं जाईल ना?"

"जातो की. जायला काय झालं."

"मग?"

मशीन चालवणारा आश्रुबा पेटीकडे वळला. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत होत्या. त्यांच्यामधल्या ठिणगीचा उजेड मागच्या गोल आरशावर पडायचा, आरशावरून फिल्मवर, आणि फिल्ममधून तंबूच्या त्या टोकाला असलेल्या पडद्यावर. करंट वाढवला की उजेड वाढायचा आणि उजेडाबरोबर उष्णताही वाढायची. फिल्मला ती किती सोसते हे मशीन बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेलं होतं.

पण ताडकळसच्या बाजारात त्या हिवाळ्यात व्हिडिओ आला होता. एका आडत दुकानाच्या गोदामात रंगीत टीव्ही ठेवून कुणीतरी सिनेमे दाखवायला लागलं होतं. टीव्ही केवढासा, पण चित्र कसं झगझगीत! तंबूतलं चित्र मळकट दिसतं, असं लोक दिनकररावांच्या तोंडावर बोलायला लागले होते. पालमची शेती भावाच्या हवाली करून दिनकररावांनी हे टुरिंग टॉकीज उभं केलं होतं, आणि गावातला माणूस तंबूऐवजी गोदामात शिरताना त्यांना बघवत नव्हतं.

आश्रुबानं करंटची मूठ फिरवली. काटा पन्नासवर गेला.

तंबूत एकदम शिट्ट्या वाजल्या. पडद्यावरचं शेत हिरवंगार झालं, नटीची साडी पेटल्यासारखी लाल दिसायला लागली. दिनकररावांनी आश्रुबाच्या पाठीवर थाप मारली.

"बघ! उगीच भ्यायलास."

आश्रुबाही हसला. खरं तर त्याचीही छाती भरून आली होती.

आश्रुबा जोंधळे मूळचा पूर्णेकडचा. नामांतराच्या दंगलीच्या साली त्याचं घर जळालं. ते त्यानं पुन्हा उभं केलं, पण समोरच्या वाटेनं रोज तीच माणसं येता-जाता दिसायची. त्याला तिथं राहवेना. तो बायकोला, कडूबाईला, घेऊन निघाला आणि इंजिनाचं काम येत होतं म्हणून या तंबूत लागला. पुढं मशीन शिकला, लायसन काढलं. टॉकीज एका गावी चार-सहा महिने राहायचं, मग पुढचं गाव. कुठल्याच गावात तो इतका टिकायचा नाही की कुणी त्याला वस्ती विचारावी. पत्र्याच्या त्या कॅबिनमध्ये तो एकटा असायचा, आणि गावचा पाटील असो की सालगडी, सगळे त्याच्या उजेडाकडे तोंड करून बसायचे. हॉटेलात त्याला ऑपरेटरसाहेब म्हणायचे. चहा कपात द्यायचे.

त्यामुळं पन्नासवर काटा नेल्यावर गर्दी परत आली, तेव्हा ती आपल्या हातानं आणली असं त्याला वाटलं. आणि ते खोटंही नव्हतं.

पण महिनाभरात त्याला चित्र पुन्हा मळकं वाटायला लागलं. आरसा पुसून बघितला, भिंग पुसून बघितलं. तरी वाटायचं, कुणीतरी मधे धुराचा पडदा धरलाय. मग त्यानं कुणाला न सांगता काटा पंचावन्नवर नेला. कांड्या भराभर आणि वाकड्या जळायला लागल्या. त्यांच्यातलं अंतर सारखं हातानं जुळवावं लागायचं. पेटीच्या दाराला आत बघण्यासाठी काळी काच होती, ती उष्णतेनं तडकली होती. आश्रुबा दार किलकिलं करून उघड्या डोळ्यानंच कांड्या जुळवायचा. क्षणभराचं तर काम. नंतर बराच वेळ डोळ्यासमोर हिरवा ठिपका नाचत राहायचा.

"काल त्या बाईचं तोंडच दिसंना," कडूबाई एकदा सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली. ती बायकांच्या बाजूला बसून रोजचा खेळ बघायची. "पांढरं फटक. चुना फासल्यावानी. नाक न्हाई, डोळे न्हाई."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला कशाचं कळतंय. दिसलं ते सांगितलं."

"लोक शिट्ट्या मारायलेत ते दिसत न्हाई का तुला?"

"आता कुठं मारायलेत?" कडूबाई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटवली.

होळीच्या सुमाराला पहिला दणका बसला. सिनेमा परत गेला तेव्हा वितरकाच्या माणसानं दोन रिळं उलगडून दाखवली. फिल्मवर जागोजागी फोड आले होते, कडा पापडासारख्या वळल्या होत्या. दिनकरराव तावातावानं कॅबिनमध्ये आले आणि मीटरकडे बघून थबकले.

"पंचावन्न? मी पन्नास म्हणलो होतो, आश्रुबा."

"चित्र अंधारं यायलं होतं, मालक."

"अंधारं? अरे, लोक म्हणायलेत डोळे दुखायलेत म्हणून! आजपासून चाळीस. व्हिडिओचं काय व्हायचं ते होऊ दे."

आश्रुबानं तीन-चार दिवस पाळलं. त्या तीन-चार दिवसांत त्याला जेवण गेलं नाही. भोकातून बघितलं की पडद्यावर सावल्या हलताना दिसायच्या, माणसं नाही. लोक गप्प बसलेत म्हणजे कंटाळलेत, असं तो धरून चालायचा. दिनकरराव पालमला गेले त्या संध्याकाळी त्याचा हात आपसूक मुठीकडे गेला.

खेळाला जेमतेम सुरुवात झाली होती. पेटीत खाडकन आवाज झाला आणि पडदा काळा पडला. आरसा मधोमध फुटला होता. एक तुकडा पेटीच्या तोंडातून येऊन आश्रुबाच्या मनगटाला चाटून गेला. तंबूत आरडाओरडा सुरू झाला, कुणीतरी दगड मारला. तिकीट खिडकीवरचा नागनाथ मध्ये उभा राहून सगळ्यांना हात जोडत होता. "उद्या याच तिकिटावर या, बाबांनो! मशीन हाय, माणसावानी बिघडतं!"

नवा आरसा नांदेडहून यायला आठवडा गेला. दिनकरराव रागावले नाहीत, हे आश्रुबाला जास्त लागलं. ते नुसतं म्हणाले, "बसव आता नीट." त्यानं आरसा बसवला, नव्या कांड्या लावल्या आणि काटा चाळीसवर ठेवला. खेळ सुरू झाल्यावर नागनाथ धावत कॅबिनपाशी आला.

"साहेब, आज तर लय भारी! असं चित्र तर कधीच न्हवतं."

आश्रुबानं भोकाला डोळा लावला. तोच धूर. दुसरा डोळा लावला. त्यात तर मधोमध काळा डाग होता आणि त्याच्या कडेनं थोडं काहीतरी हलत होतं.

"नागनाथ, कडूबाईला बोलव."

कडूबाई घाबरून आली. कॅबिनमध्ये ती यापूर्वी कधी आली नव्हती.

"इथून बघ," आश्रुबा म्हणाला. "काय दिसतंय ते सांग. मला बरं वाटावं म्हनून सांगू नको."

कडूबाईनं टाचा उंचावून भोकाला डोळा लावला.

"ती बाई हाय. खिडकीत बसलीया. रडायलीय."

"अजून?"

"कानात कुडी हाय. लाल खडा हाय तिला. खडा कसा लुकलुकायलाय." मग तिनं मागं वळून बघितलं. "कामून? तुमाला दिसंना का?"

मशीनचा खडखडाट चालू होता. आश्रुबानं हात पेटीवर ठेवला होता. चटका बसायला लागला तरी त्यानं तो काढला नाही. शेवटी कडूबाईनं मनगट धरून हात बाजूला केला.

त्या दिवसापासून ती रोज कॅबिनमध्ये उभी राहायला लागली. "जरासक इकडं... अजून... हां, आता बराबर," असं ती सांगायची आणि तो भिंग फिरवायचा. रिळाचे आकडे तिला वाचता येत नव्हते, त्याला दिसत नव्हते. मग नागनाथ दुपारीच रिळांचे डबे ओळीनं मांडून जायचा. नागनाथनं काही विचारलं नाही. असे बरेच दिवस निघाले. आश्रुबाला वाटायला लागलं, असंच निघेल वर्ष.

एका बाजारच्या दिवशी नागनाथ तापानं पडला. आश्रुबानं बोटानं चाचपून डबे लावले आणि दुसऱ्या रिळाआधी चौथं चढवलं. पडद्यावर नायकाचा बाप आधी मेला आणि मग जेवायला बसला. तंबू हसून हसून लोळला. दिनकरराव खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत.

खेळ सुटल्यावर त्यांनी आश्रुबाला विचारलं, "कधीपासून?"

"आरसा फुटला तवापासून मालूम झालं, मालक. झालं कधी, ते न्हाई सांगता यायचं."

गंगाखेडला डोळ्यांचं शिबिर होतं. दिनकररावांनीच दोघांना एसटीत बसवून दिलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले, मग बराच वेळ यंत्रातून बघितलं.

"वेल्डिंग करता का?"

"न्हाई साहेब. शिनेमा चालवतो. कार्बनचा दिवा असतो."

"त्याला काळी काच असते ना?"

"तडकली होती. बदलायची राहून गेली."

डॉक्टर थोडा वेळ कागदावर लिहीत राहिले. "मोतीबिंदू झालाय तो पुढच्या शिबिरात काढता येईल. पण मागचा पडदा भाजलाय. एका डोळ्याचा जास्त, एकाचा कमी. तो भाग परत येत नाही."

"ऑपरेशन केल्यावर मशीनवर बसता येईल का?"

"त्या दिव्याकडे आता बघायचं नाही. कधीच नाही," डॉक्टर म्हणाले. मग कडूबाईकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

परतीच्या गाडीत कडूबाई खिडकीपाशी बसली. गोदावरी आली तेव्हा तिनं सवयीनं सांगितलं, "पानी लय कमी झालंय." आश्रुबानं नुसती मान हलवली.

दिनकरराव तंबूपाशी खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाढव म्हणलं ते मीच."

"तुमी पन्नास म्हनला होता. पुढचं माझं."

"तरी पण."

"मालक, हिला शिकवतो मी. निम्मं तर येतंच तिला. हात माझे, डोळे तिचे, असं चालवलं इतके दिवस."

दिनकररावांनी कडूबाईकडे बघितलं. ती पदर सावरून तंबूच्या दोराला धरून उभी होती.

"लायसन लागतं, आश्रुबा. तपासायला माणूस आला तर टॉकीज बंद करील. आणि बाई कॅबिनमध्ये म्हणलं की गावात..." ते थांबले. "दारावर माणूस पाहिजे मला. तिकीट फाडायला. राहतोस?"

आश्रुबाला गावाकडची वाट आठवली. घर होतं अजून, कुलूप लावलेलं.

"राहतो," तो म्हणाला.

नवा ऑपरेटर पंडित म्हणून होता. तिशीतला, परभणीच्या एका टॉकीजमध्ये काम केलेला. आश्रुबानं त्याला मशीन दाखवलं. काळी काच त्यानं स्वतः नवी आणून बसवली होती. पंडितनं मूठ फिरवून बघितली.

"काका, हे चाळीसच्या पुढं जातंय की. पन्नासवर फरक पडतो का?"

"पडतो."

"मग?"

"पडतो, खोटं कामून सांगू. चार दिवस लय भारी वाटतं. मग डोळ्याला सवय होती, अन् आनखी पाहिजे वाटतं." आश्रुबानं काचेवरून अंगठा फिरवला. "आरसा गेला, फिल्म गेली, त्याचं काय, नवं आनता येतं. चाळीसवर ठेव. गर्दी व्हायची तर सिनेमानं होईल."

पंडितनं मान डोलावली. त्याला पटलं की नाही, ते आश्रुबाला दिसण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी आश्रुबा पहिल्यांदा दारावर उभा राहिला. कडूबाईनं त्याचा धुतलेला सदरा काढून दिला होता. लोक यायचे, तो हात पुढं करायचा, तिकिटाची घडी बोटानं शोधून बरोबर मधोमध फाडायचा. काही जण ओळखीचे होते. ते गप्पच आत गेले. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "जय भीम, साहेब," आणि आश्रुबानंही जय भीम केला.

गर्दी आत गेली. खेळ सुरू झाला. आश्रुबा तंबूकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलेल्या स्टुलावर बसला. आतून हसण्याचा आवाज आला. मागून एकदा शिट्टीही वाजली.

रस्त्यावरून कुणीतरी सायकल दामटत आलं. सायकल तंबूच्या खुंटीला टेकवली गेली आणि एक माणूस धापा टाकत पुढं आला.

"सुरू होऊन लय वेळ झाला का हो?"

"न्हाई, आत्ताच." आश्रुबानं तिकीट घेतलं, फाडलं, अर्धं त्याच्या हातात दिलं. "जा आत."

"चित्र कसं हाय? इथलं लय पांढरं येतं म्हनतेत."

"चांगलं हाय," आश्रुबा म्हणाला. "सगळं नीट दिसतंय. जा."

त्यानं कनात बाजूला धरली. माणूस वाकून आत गेला. आतला उजेड क्षणभर आश्रुबाच्या गुडघ्यांवर पडला, आणि त्यानं कनात सोडून दिली.