ताईच्या टेबलावरचा दिवा

ताईने साठी उलटल्यावर पूल खेळायचं टेबल विकत घेतलं, तेव्हा घरात कुणाला ते खरंच वाटेना. तिचा सगळा जन्म दातांच्या दवाखान्यात गेला होता. मुलं आपापल्या संसाराला लागली, दवाखाना तिने एका तरुण डॉक्टरणीच्या हवाली केला, आणि एके दिवशी चार हमालांनी धापा टाकत ते अवजड टेबल जिन्यावरून वरच्या रिकाम्या खोलीत चढवलं.

भावोजी म्हणाले, "या वयात लोक बागकाम करतात."

"करू देत की," ताई म्हणाली.

मग तिने बहिणीला फोन लावला. "पिटू, टेबल मी घेतलंय. त्याच्यावरचा दिवा तू निवडायचा."

पिटू कॉलेजात गणित शिकवायची. केस पिकलेल्या बाईंना पिटू म्हणणारं माणूस आता एकट्या ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं. ती सुट्टी टाकून आली.

दोघींच्या वडिलांचा बिलियर्डचा हॉल होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन टेबलं, आणि मागच्या दाराला लागून यांचं घर. संध्याकाळी ते मधलं दार लोटून घ्यायची सक्त ताकीद असे. पण पिटू फटीला डोळा लावून उभी राहायची. आत सगळा अंधार, आणि दोन टेबलांवर लोंबणाऱ्या दिव्यांच्या हिरव्या काचेच्या शेडी. त्यांच्याखाली कापड असं उजळलेलं, की जणू उजेड त्या कापडातूनच वर येतोय. इतकी वर्षं झाली, पण बाबा म्हटलं की तिला आधी तो हिरवा उजेड आठवायचा.

दिव्यांच्या दुकानात ती सरळ मागच्या कोपऱ्यात गेली. तिथे पितळी दांडीवर तीन हिरव्या शेडी होत्या, धूळ खात.

"हाच," ती म्हणाली.

"अगं, बाकीचे तरी बघ."

दुकानदाराने एक लांबट, चपटा दिवा लावून दाखवला. "आजकाल सगळे हाच नेतात, बाई. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा उजेड. सावली पडत नाही, डोळ्यांवर येत नाही."

"हा तर बँकेत असतो तसला आहे," पिटू म्हणाली, आणि विषय संपला.

वायरमन दिवा टांगायला आला, तेव्हा तो किती खाली घ्यायचा यावरून वाजलं. "एवढ्या खाली? डोकं आपटेल कुणाचं तरी."

"आम्ही टेबलाभोवती चालणार आहोत," ताई म्हणाली, "टेबलावरून नाही."

दिवेलागणीला त्यांनी तो लावला. अगदी तेच होतं सगळं, तोच अंधार आणि तेच उजळलेलं कापड. भावोजीसुद्धा दारात थबकून "वा" म्हणाले. ताईने काठी उचलली, वाकली, नेम धरला, आणि न मारताच सरळ झाली. दुसऱ्या बाजूने गेली, पुन्हा वाकली, पुन्हा सरळ झाली.

"काय झालं?"

"मधे लख्ख आहे आणि कोपरे काळे. त्या कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी बॉल आहे की बॉलची सावली, तेच कळत नाही. आणि या बाजूने वाकलं की बल्ब सरळ डोळ्यांत. असल्या दिव्याखाली मी कुणाच्या तोंडात हात घातला नसता."

"बाबांना चालत होता की."

"बाबा कुठे खेळायचे याखाली? संध्याकाळी गिऱ्हाइकं खेळायची." ताईने काठीला खडू लावला. "बाबा खेळायचे दुपारी. हॉल बंद असताना. माझ्याशी."

पिटू तिच्याकडे बघतच राहिली. "तुझ्याशी?"

"शाळा सकाळची होती ना माझी. जेवण झालं की आम्ही दोघं जायचो. छपराला काचा होत्या, त्यातून भरपूर उजेड यायचा. दिवे बाबा लावायचेच नाहीत."

"मला नाही नेलं कधी."

"तू झोपलेली असायचीस. नाक टेबलालासुद्धा पोचत नव्हतं तुझं. आणि तू मोठी होईपर्यंत हॉल गेलाच."

खरं होतं ते. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी पिटूला राग आला. आख्ख्या आयुष्यात ताईने हे एकदा तरी सांगायला हवं होतं. डोकं दुखतंय म्हणून ती तेव्हाच घरी निघून गेली. नंतर ताईचे दोन फोन तिने घेतले नाहीत. तिसरा घेतला आणि पेपर तपासतेय म्हणाली.

पण रविवारी जेवणं आटोपायच्या सुमाराला ती स्वतःच येऊन हजर झाली. चपला काढता काढता म्हणाली, "दाखव मला."

"काय दाखवू?"

"दुपारी काय करायचात ते."

वरच्या खोलीला रुंद खिडकी होती. ताईने पडदे पुरते बाजूला सारले. दिवा लावला नाही. पिटूच्या हातात काठी दिली, तिच्या मागे उभी राहिली आणि तिचं कोपर दोन बोटांनी धरलं.

"बाबा असंच धरायचे?"

"असंच. आणि बोलायचे काहीच नाहीत. तासभर आम्ही खेळायचो, त्यात एकच शब्द. मी मारायला गेले की 'थांब'. बस. थांबले, की मग मान डोलवायचे."

पिटू वाकून मारायला गेली. "थांब," ताई म्हणाली.

पिटू थांबली. मग तिने मारलं. बॉल भलतीकडेच गेला, आणि दोघींना हसू आलं. दुपारभर त्या खेळत राहिल्या. पिटूला कोन सगळे कळत होते, हात तेवढा ऐकत नव्हता.

अंधारून आलं तसा ताईने पितळी दिवा लावला. पिटू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने काहीतरी विचारायला वर पाहिलं, तर समोर उजेडात ताईचे दोन हात होते, बांगड्या होत्या, आणि खांद्यांच्या वर नुसता काळोख. दाराच्या फटीतूनही तिला एवढंच दिसायचं. गिऱ्हाइकांसाठी बॉल मांडणारे बाबांचे हात, गुंडाळलेल्या बाह्या, त्यावर काळोखातून येणारं हसू. इतक्या सगळ्या संध्याकाळी तिथे उभी राहूनही बाबांचा चेहरा तिने त्या उजेडात कधी पाहिला नव्हता.

"ताई, तुझा चेहरा दिसत नाही मला."

"तेच तर सांगत होते."

"उद्या हा परत देऊन येऊ."

दुकानदाराने कुरकुर केली, पण दिवा परत घेतला. तो लांबट, चपटा दिवाच त्यांनी आणला, फक्त जरा पिवळसर उजेडाचा, आणि उजेड कमी-जास्त करायच्या बटणासकट. वायरमनने तो टेबलाच्या लांबीला धरून नीट मधोमध टांगला. कोपरे उजळले. दिसायला तो बँकेतलाच राहिला, पिटूने ते बोलूनही दाखवलं.

पहिला डाव लावता लावता ती सहज म्हणाली, "पण संध्याकाळी बाबा गप्प कुठे असायचे? नकला करायचे की."

ताईने मान वर केली. "कोण? बाबा?"

"एकेका गिऱ्हाइकाच्या चालण्याची नक्कल. त्या लठ्ठ वकिलांची तर त्यांच्यासमोरच. आख्खा हॉल हसायचा."

"मी आतल्या खोलीत अभ्यास करत असायचे," ताई म्हणाली. "मला वाटायचं, लोक खेळताना हसताहेत."

तिने काठी भिंतीला टेकवली आणि स्टूल ओढून बसली.

"वकील कसे चालायचे?"

पिटूने पोट पुढे काढलं, हात मागे बांधले आणि टेबलाला एक फेरी घातली.